अक्का, एकदा विचारायचं होतंस

राजारामपुरी, कोल्हापूर
१७ नोव्हेंबर १९९७

अक्का,

वर 'ती.' लिहिलं नाही, नमस्कार लिहिला नाही. विसरले नाही. हात वळला नाही.

काल दाजी शिवांजलीला कबनूरहून सोडायला आले. मोटारसायकल बंद न करताच पिशवी दारात ठेवली, चहाला थांबले नाहीत. "मागांवर कामगार कमी हायत, जातो," म्हणाले. एरवी बसलिंगाप्पा दाजी आमच्याकडं आले की दोन कप चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी शिवांजलीला आंघोळ घालत होते. सातवा महिना आहे, वाकवत नाही, म्हणून मी पाटावर बसलेली आणि ती समोर उभी. दिवाळीच्या सुट्टीत काय काय केलं ते सांगत होती. माग कसे खटखट वाजतात, मावशीनं धपाटे केले, दाजींनी सुताच्या कांड्या खेळायला दिल्या. आणि मधेच म्हणाली, "आई, बाळ मावशीकडं राहायला गेलं की मी दर सुट्टीला तिथंच जाणार."

मी म्हटलं, "कुठलं बाळ?"

"हे," म्हणाली, आणि साबणाचा हात माझ्या पोटावर ठेवला. "मावशीनं खोली रंगवलीय. पिवळी. पाळणा पण टांगलाय. मला म्हणाली, आईला आत्ता सांगू नको, आई दमलेली असती."

अक्का, ती सहा वर्षांची आहे. पहिलीत आहे. तिच्याकडं तू हे गुपित सांभाळायला दिलंस आणि तिनं ते अकरा दिवस सांभाळलं. सांगून टाकल्यावर रडली, मावशी रागावेल म्हणून.

हे दुकानातून जेवायला आले तेव्हा मी ताट वाढलं आणि सरळ विचारलं, आपलं बाळ अक्काला द्यायचं ठरलंय का. नवऱ्यानं 'काय येड्यासारखं बोलतीस' असं म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता. खरंच ठेवला असता. पण यांचा घास हातात थांबला आणि यांनी विचारलं, "कोण म्हणालं?"

मग म्हणाले, "तुझं बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग निवांत बोलायचं असं ठरलंतं."

"कुणाचं ठरलंतं?"

"सगळ्यांचं."

सगळ्यांचं म्हणजे यांचं, तुझं, दाजींचं आणि आपल्या अव्वाचं, सख्ख्या आईचं. म्हणजे ज्यांना मी 'माझी माणसं' म्हणते त्यांचं.

तुला माहीत आहे, मला सुरुवातीला हे तिसरं नको होतं. बसवेश तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता, रात्री अंथरूण ओलं करायचा. शिवांजलीची शाळा, यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान, दुपारी झेरॉक्सला क्लासच्या पोरांची रांग, त्यात माझ्या उलट्या. जुलैत मी दवाखान्यात नाव घालून आले होते. मोकळी होऊन यायचं आणि तीन दिवसांत पुन्हा कामाला लागायचं, असं ठरवून गेले. बाकावर बसले होते, माझ्या आधी दोघी होत्या. तेवढ्यात हे आले. दुकानाचं शटर अर्धं ओढून तसेच स्कूटरवरून आलेले, शर्टाला झेरॉक्सची काळी भुकटी. माझ्यापुढं उभे राहिले आणि चार बायकांसमोर म्हणाले, "उठ. मला हे मूल पाहिजे."

अक्का, लग्नाला आठ वर्षं झाली. ह्या माणसानं मला कधी 'साडी चांगली दिसती' असंसुद्धा म्हटलेलं नाही. घरी येताना स्कूटरवर मी यांच्या पाठीला डोकं टेकवलं. आख्ख्या राजारामपुरीतून. मला वाटलं, कितीही काम पडू दे, मी हे मूल वाढवीन.

यांना मूल पाहिजे होतं. कुणासाठी, ते काल कळलं.

आणि तू. दर दुसऱ्या गुरुवारी इचलकरंजीच्या गाडीनं यायचीस. डिंकाचे लाडू, पायाला लावायला तेल. तपासणीला माझ्याबरोबर यायचीस. मशीनवर बाळ दिसलं तेव्हा माझा हात तू धरलेलास. डॉक्टरीणबाईंना विचारायचीस, "वजन बरोबर हाय न्हवं?" मी सगळ्या आळीला सांगत होते, बहीण असावी तर अशी. तू माझे पाय चेपत होतीस की बाळाचे?

तू दिलेलं टोपडं, दुपटं आणि लाडवांचा डबा परत पाठवतेय. डबा धुतलाय. येत्या गुरुवारी येऊ नकोस.

विद्या


कोल्हापूर
३ डिसेंबर १९९७

अक्का,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. सोबत अव्वाही आली. तू लिहायचं आणि तिनं समजवायचं, अशी वाटणी केलेली दिसते.

अव्वानं गडहिंग्लजहून येताना शेंगाची चटणी आणली, पोरांना मांडीवर घेतलं आणि मग सुरू केलं. "विद्या, तुझी दोन हायत की. पोरगी हाय, पोरगा हाय. म्हादेवीच्या पदरात अकरा वर्षांत काय पडलं? एक दिलंस तर तुझं काय कमी हुतंय?"

मी म्हटलं, "अव्वा, ही काय वाटीभर साखर हाय, शेजारणीला द्यायला?"

"शेजारीण न्हाय. तुझ्या पाठची न्हाय तर तुझ्या पुढची बहीण हाय ती. तुला अंगाखांद्यावर खेळवलीय तिनं."

हे खरं आहे. मी नाकारत नाही. अप्पा गेले तेव्हा मी चौथीत होते आणि तू शाळा सोडलीस. माझी वेणी तू घालायचीस, माझ्या फीसाठी दुसऱ्यांच्या घरी पापड लाटायला जायचीस. मी बी.कॉम. झाले ती तुझ्यामुळं. पण त्या सगळ्याची परतफेड म्हणून मूल द्यायचं असतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तू लिहिलंस, "तूच फोनवर म्हणाली होतीस, मला घेऊन जा म्हणून." मी असं काही म्हटलेलं मला आठवत नाही. आजारी माणसाच्या तोंडी काहीही घालू नकोस.

घरात आता काय झालंय ते तुला कळावं म्हणून लिहिते. बसवेशनं सगळं ऐकलंय. त्याला वाटतं पोरं वाटायला काढलीत. परवा त्यानं दूध सांडलं, मी जरा मोठ्यानं बोलले, तर तो पलंगाखाली जाऊन बसला. बाहेरच येईना. मी वाकू शकत नाही, म्हणून जमिनीवर आडवी झाले आणि हात लांब केला. आतून म्हणाला, "मी आता सांडणार न्हाय. मला मावशीकडं पाठवू नको."

त्याला तुझ्याकडं यायला किती आवडायचं, आठवतं ना. आता तुझं नाव काढलं की माझा पदर धरतो. स्वयंपाक करताना, दाराशी दूधवाला आला तरी, पदर त्याच्या मुठीत.

अव्वाला मी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ती आहे. बाळंतपण तिनंच करायचं आहे, दुसरं कोण आहे मला? माझ्याविरुद्ध ठरवणारी बाई माझ्यासाठी आळीवाची खीर करते आणि मी ती पिते.

विद्या


कोल्हापूर
२१ डिसेंबर १९९७

अक्का,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते मनातून जाईना, म्हणून लिहिते.

म्हटलं होतं मी.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. दुपारची वेळ, हे बँकेत गेलेले, मी दुकानात बसले होते. बसवेशनं शाईची बाटली नव्या वह्यांच्या गठ्ठ्यावर उपडी केली. मी त्याला मारलं. चांगलं मारलं, त्याच्या गालावर बोटं उठली. आणि मग मोरीत जाऊन ओकले. परत आले तर तो शाईच्या हातांनी माझे डोळे पुसायला आला. तेव्हा मी फोन उचलून तुला लावला. दाजींच्या कारखान्यात. माग एवढे वाजत होते की तुला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

मी म्हटलं, "अक्का, हे तिसरं तूच घेऊन जा. माझ्याच्यानं होत न्हाय."

मला वाटलं फोन कट झाला. मग तू म्हणालीस, "खरंच?"

मी म्हटलं, "खरंच की. मला नको हाय."

एवढंच झालं. मग गिऱ्हाईक आलं आणि मी फोन ठेवला.

अक्का, पोरं सांभाळणारी कुठलीही बाई हे बोलते. आमची धोंडुबाई भांडी घासताना रोज म्हणते, हे कार्टं कुणीतरी न्या गं. कुणी नेत नाही. तू मात्र ते शब्द उचलून अव्वाकडं नेलेस, अव्वानं यांच्याकडं, आणि दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात आले. आता मला सगळं जुळतं. बाकावरून उठून यांच्यामागं गेले तेव्हा मी हसत होते. हेही आठवतं.

म्हणजे चूक माझी आहे? मी हे अठरा दिवस स्वतःला विचारतेय. चूक आहे. बोलले ती चूक आहे. पण त्यानंतर तू किती गुरुवार आलीस? मोजलेस का? एका गुरुवारी, लाडवांचा डबा खाली ठेवताना, विचारायचं होतंस, 'विद्या, तू म्हणाली होतीस ते खरं का गं?' तुझ्यासमोर मी पोटावर हात ठेवून बाळाशी बोलत होते. शिवांजलीला सांगत होते, तुला बहीण झाली तर दोघींना सारखे फ्रॉक शिवू. तू ऐकत होतीस आणि सुईत दोरा ओवत होतीस.

तू विचारलं नाहीस, कारण मी काय म्हणेन ते तुला माहीत होतं. हीच गोष्ट मला गिळता येत नाही. मी एका दुपारी चुकले. तू चार महिने गप्प बसलीस.

मूल मी देणार नाही. हे यांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "मग तूच सांग तिला, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं." म्हणून लिहिलं.

विद्या


कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९९८

अक्का,

मुलगी झाली ते तुला माहीत आहे. २२ जानेवारी, पहाटे. तू तिला बघून गेलीस, हेही मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेत असताना तू आलीस. दाजी खाली जीप घेऊन थांबलेले. मी पत्रात स्पष्ट नाही म्हटल्यावरसुद्धा तू आलीस. बाळाला पाळण्यातून उचललंस, तुझ्याबरोबर आणलेल्या शालीत गुंडाळलंस. अव्वा तिथंच होती आणि तिनं तुला अडवलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्ही का परत गेलात ते माहीत नाही. नर्स आली असेल, किंवा दाजींना भीती वाटली असेल.

शाल तिथंच राहिली होती. ती मी दवाखान्यातल्या बाईला देऊन टाकली.

मी सगळ्यांना सांगितलंय. यांना, सासूबाईंना, आळीतल्या बायकांना. माझी सख्खी बहीण माझं तीन दिवसांचं मूल चोरायला आली होती, असं सांगितलं. लपवायचं कशाला? लपवाछपवी तुमच्याकडं होती.

यांच्याशी कामापुरतं बोलते. शाळेची फी, गॅसचा नंबर, एवढं. परवा बाळाला झोळीत हलवताना म्हणाले, "तुझ्यासारखी दिसती गं." मी म्हटलं, "बघून घ्या, इथंच राहणार हाय." ते उठून दुकानात गेले. अव्वाला मी सव्वा महिना व्हायच्या आत गडहिंग्लजच्या गाडीत बसवून दिलं. जाताना ती रडली नाही, मीही नाही. बसवेश मात्र पाळण्याच्या दांड्याला धरून बसतो. कुणी पाहुणं आलं की उभा राहतो, आडवा हात करून. साडेतीन वर्षांचं पोर राखण करतंय.

बारशाला तुला बोलावत नाही. नाव गिरिजा ठेवतोय. तू काही वेगळं योजलं असशील, तर ते विसर.

ह्यापुढं पत्र लिहू नकोस.

विद्याश्री


कोल्हापूर
६ मार्च २०००

सौ. अक्का,

पाकिटावर 'सौ.' लिहू की नको, ह्यात अर्धा तास गेला. दाजींनी दुसरं केलं, आणि तू अव्वाकडं गडहिंग्लजला येऊन राहिलीस, असं चुलतकाकांकडून कळलं. ऐकून वाईट वाटलं. काही लागलं तर कळव.

विद्याश्री

ता.क. मुलं बरी आहेत.


कोल्हापूर
१९ सप्टेंबर २००४

अक्का,

अव्वाच्या दिवसांत आपण पाच दिवस एका घरात राहिलो आणि बोललो ते एवढंच. "तांदूळ कुठं हायत?" "कणगीत." "पाणी आलं का?" "आलं." साडेसहा वर्षांनी.

तू बारीक झालीस. पहाटे चारला उठून कडक भाकऱ्या थापतेस, त्या डब्यातून कोल्हापूरपर्यंत येतात, हे मला माहीत नव्हतं. इथल्या एका दुकानातून मी त्याच भाकऱ्या आणत होते. थापणारे हात कुणाचे, ते मला तिथं चुलीपाशी बघून कळलं.

शेवटच्या दिवशी पाहुणे जेवत होते. गिरिजा खेळून दमली आणि सरळ येऊन तुझ्या मांडीवर बसली. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, तिला तू फक्त अव्वाच्या घरातली एक बाई. ती बसली, आणि तू तिला धरायच्या आधी माझ्याकडं बघितलंस. मी काही केलं नाही. मान हलवली नाही, हसले नाही. मग तू तिला अलगद खाली उतरवलंस आणि भांडी उचलून मोरीकडं गेलीस. ती मला म्हणाली, "ही आजी रागावली का?"

आजी म्हणाली, अक्का. तू बेचाळीस वर्षांची आहेस.

परत येताना संकेश्वरच्या पुढं यांनी गाडी बाजूला घेतली. मागं पोरं झोपली होती. हे म्हणाले, "तुला एक सांगायचं हाय. अव्वा असेपर्यंत सांगू नको म्हणून शपथ घातलीती तिनं." आणि मग सांगितलं. त्या वर्षी तुझ्या सासूनं तुला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. पोरगी असली तरी चालंल, बहिणीची असली तरी चालंल, पण घरात पाळणा हलू दे, न्हायतर बसलिंगाप्पाचं दुसरं बघतो. पिवळी खोली तू रंगवली होतीस ती त्यासाठी. मुदत वाढवून मागायला. दाजी जीप घेऊन खाली थांबले होते, तो त्या वाढवलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. हे यांना माहीत होतं, अव्वाला माहीत होतं. मला नाही.

मी यांना म्हटलं, "मला का न्हाय सांगितलं?"

"अक्काच म्हणाली, विद्याला सांगायचं न्हाय. दया म्हणून दिलेलं पोर मला नको."

मी गाडीतून उतरले आणि उसाच्या कडेला जाऊन उभी राहिले. मला पुन्हा तोच राग आला, अक्का, सातव्या महिन्यातला. पुन्हा तुम्ही सगळे एका बाजूला आणि मी दुसऱ्या. दया म्हणून नको होतं, तर न विचारता कसं चाललं असतं तुला? मला सगळं सांगितलं असतंस, तर मी गिरिजा दिली असती का? मी रोज स्वतःला विचारतेय. नसती दिली. बहुतेक नसती दिली. पण मी कबनूरला आले असते. तुझ्या सासूच्या समोर बसले असते, दाजींना चार शब्द बोलले असते, तुझी पेटी उचलून तुला माझ्याकडं आणलं असतं. काहीतरी केलं असतं. निदान तुझ्याजवळ बसून तुझ्याबरोबर रडले असते. ते सगळं तू माझ्याकडून काढून घेतलंस. तुझा राग मला आहे. तो गेलेला नाही, खोटं लिहीत नाही.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. यांनाही नाही.

त्या दुपारी दवाखान्यात मी जागी होते.

तू आलीस तेव्हा तुझ्या बांगड्यांवरून ओळखलं. मी डोळे मिटून घेतले. तू पाळण्याशी उभी राहिलीस, बराच वेळ. मग तिला उचललंस. ती कुरकुरली, आणि तू तिला छातीशी धरून जे कन्नडमधलं पुटपुटलीस, ते मी लहान असताना आजारी पडले की म्हणायचीस. मग अव्वा म्हणाली, "ने की. ती झोपली हाय तंवर ने. उठल्यावर मी बघते."

आणि तू म्हणालीस, "न्हाय अव्वा. तिला उठव. तिच्या हातातनं घेते, न्हायतर घेत न्हाय."

अव्वानं मला उठवलं नाही. तू वाट बघत राहिलीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता. डोळे उघडले असते, तर तुझ्या तोंडावर 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि तुझं तोंड बघून ते मला जमलं असतं की नाही ह्याची खात्री नव्हती. म्हणून मी पडून राहिले. तू मला एकदा विचारावंस म्हणून मी पानंच्या पानं लिहिली होती, आणि तू विचारायला आलीस तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. तू तिला परत ठेवलंस, शाल तिच्या अंगावरच राहू दिलीस, आणि जिना उतरलीस. जीप चालू झाल्याचा आवाज मी ऐकला.

नंतर मी गावभर सांगितलं, माझी बहीण मूल चोरायला आली होती. ते सांगताना मला खरं माहीत होतं. शिवांजली आता तेरा वर्षांची आहे, तिला अजून तेच खरं वाटतं. बसवेशला तर दुसरं काही माहीतच नाही.

काल रात्री मी दोघांना बसवून खरं सांगितलं. शिवांजली पाणी प्यायला उठली आणि परत आलीच नाही. बसवेशनं विचारलं, "मग मावशी वाईट न्हाय?" मी म्हटलं, "मावशीनं माझ्यापासनं एक गोष्ट लपवली. मी तिच्याबद्दल खोटं बोलले." तो म्हणाला, "दोन्ही सारखंच की."

हे पत्र वाचून तुला काय वाटेल ते वाटू दे. माफी मागायला लिहिलेलं नाही आणि द्यायलाही नाही. रविवारी सकाळच्या आठच्या गाडीनं येतेय. एकटी. पोरांना आणत नाही, त्यांच्या आडून बोलायचं नाही मला. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी बाहेर कट्ट्यावर बसेन. परतीची गाडी चार वाजता आहे, तोपर्यंत बसेन.

तुझी
विद्या